खंडेनवमीचं डिझेल

२५ सप्टेंबर १९७२, सोमवार
कृषी विद्यापीठाचं परिपत्रक वर्कशॉपच्या दारावर लागलं. गाडेमिस्त्रींनी (यापुढे मि.) चष्मा नाही म्हणून मला वाचायला लावलं. (चष्मा खिशात होता.) यापुढे वसतिगृह, कचेरी, प्रयोगशाळा, वर्कशॉप, कुठेही कोणत्याही धर्माची पूजा करायची नाही. विद्यापीठ सरकारी, म्हणजे सगळ्यांचं. त्याऐवजी खंडेनवमीला सर्वांचा मिळून एक स्नेहमेळावा. त्या मेळाव्याचे प्रमुख नेर्लेकर सर. वसतिगृहाच्या गणपतीत वर्गणीवरून जी बाचाबाची झाली तिचं हे फळ.
मि. ऐकत राहिले. मग म्हणाले, "मंग हत्यारांची पूजा?"
मी म्हटलं, तीही त्यात आली.
"हत्यारं कुटं लिवलीत?"
हत्यारं लिहिलेली नव्हती. वर्कशॉप लिहिलं होतं. तसं सांगितलं तर माझ्याकडेच असं बघितलं की जणू परिपत्रक मीच काढलं.
बाबूभाई ड्रायव्हर ट्रॅक्टरखालून म्हणाला, "म्हंजे माजा नारळ गेला म्हना की." दर खंडेनवमीला ट्रॅक्टरपुढे नारळ तोच फोडतो. एका फटक्यात फुटतो त्याच्या हातून, म्हणून. तो मुसलमान आहे हे त्या दिवशी कोणाच्या ध्यानात नसतं, त्याच्याही.
मला आतून बरं वाटलं. दाखवलं नाही. दिवाळीआधी रोजंदारीवाल्यांतून कायम कोणाला करायचं ती नावं मि. देणार आहेत. सध्या चेहरा जपून वापरायचा.

२७ सप्टेंबर, बुधवार
पाऊस नाही. नर्सरीची रोपं टँकरच्या पाण्यावर. बाबूभाईच्या दिवसाला तीन खेपा.
आज हत्यारांची भिंत पुन्हा रंगवली. प्रत्येक पान्याची, हातोडीची आकृती पांढऱ्या रंगात, म्हणजे काय जागेवर नाही ते लांबून कळतं. मि. लोकांना दाखवतात, "ह्ये आमच्या दिनकरचं काम." मला मात्र कधी बरं म्हणाले नाहीत.
बरं का वाटलं ते लिहून ठेवतो. इथे दोन खंडेनवम्या काढल्या. दोन्ही वेळा आदल्या संध्याकाळी सगळी हत्यारं मी धुतली, पुसली, सतरंजीवर आकारानुसार मांडली. दुसऱ्या दिवशी हळदकुंकू यायच्या आधी मि. म्हणाले, दिनकर, सायकल घे, स्टोअरातून डिझेल आण. दोन्ही वेळा. स्टोअर तिकडे पार दुसऱ्या टोकाला. परत येईतो नारळ फुटलेला, प्रसाद वाटलेला, ट्रॅक्टरच्या बॉनेटवर झेंडूचा हार. आणि डिझेलचा डबा तसाच कोपऱ्यात, कारण पूजा झालेलं यंत्र दसरा होईतो कोणी हलवत नाही. डिझेल कशाला लागणार होतं?
दोन्ही वेळा मला सुटल्यासारखं झालं. हात जोडावे लागले नाहीत. आपल्यात बौद्ध दीक्षा घेतलेली, बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या, देवापुढे हात जोडायचे नाहीत.
पण ते मला सोडवत होते की बाजूला काढत होते, हे मला आजवर कळलेलं नाही.

१ ऑक्टोबर, रविवार
गावी गेलो होतो. बेलापूरला एस.टी. बंद पडली, पुढे चालत. आमचे वडील, दादा, दुष्काळी कामावर खडी फोडतात, हाताला चिंध्या बांधलेल्या. परिपत्रकाचं सांगितलं. ते म्हणाले, बरं झालं, सरकारला इतक्या वर्षांनी उमगलं. मग म्हणाले, पण तुझी नोकरी?
नोकरी लागली त्या दिवशी त्यांनी जे सांगितलं होतं तेच पुन्हा, "हात जोडू नको. आन् नोकरीबी सोडू नको."
दोन्ही एकदम कसं करायचं ते त्यांनी तेव्हाही सांगितलं नव्हतं. डिझेलचं त्यांना अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तर ते लगेच एक अर्थ लावतील, आणि मला त्यांच्याशी भांडता येणार नाही.
दसऱ्याला वस्तीवर बुद्धवंदना आहे. येतो म्हटलं.

४ ऑक्टोबर, बुधवार
नेर्लेकर सरांनी खोलीत बोलावलं. खुर्चीवर बसायला सांगितलं. बसलो, पण पूर्ण नाही. सर चांगले आहेत. मला अहो म्हणतात, त्यामुळे माझं सगळं लक्ष तिकडेच जातं. नववीनंतर का सोडलंत, म्हणाले. मग मुद्द्यावर आले. जुने लोक कुरकुर करताहेत, कुलगुरूंकडे शिष्टमंडळ गेलं, की वर्कशॉपची पूजा धर्माची नाही, कामाची आहे, सगळे जातिधर्म मिळून करतात, बाबूभाईच नारळ फोडतो. सर म्हणाले, बाबूभाई झाले, पण तुम्ही? तुम्हाला कधी पूजेत सक्तीने उभं केलं?
नाही म्हटलं.
मग तुम्ही उभे राहत होतात?
नाही म्हटलं.
मग कुठे असायचात?
विचार करून सांगतो म्हटलं. सर हसले. म्हणाले, यात विचार काय करायचा? शनिवारपर्यंत सांगा.
उत्तर एकच आहे, डिझेल आणायला. पण ते सांगितलं की सर पुढचं विचारणार, का?

५ ऑक्टोबर, गुरुवार
इंजिनाचा व्हॉल्व्ह घासताना आज दोनदा चूक केली. मि. ओरडले नाहीत. "डोकं कुटं हाय?" एवढंच. त्यांना माहीत असेल का मला बोलावलं होतं ते. बाबूभाईला माहीत होतं. बाबूभाईला माहीत म्हणजे पुणतांब्यापर्यंत सगळ्यांना. आणि मि. पुणतांब्याचेच.
सक्ती नाही सांगितलं तर पूजा चालू राहते, मि. खूश, कायमच्या यादीत माझं नाव जातं. पुढच्या वर्षी पुन्हा सायकल. सक्ती होती सांगितलं तर खोटं.

७ ऑक्टोबर, शनिवार
सांगितलं. जसं होतं तसं. त्या वेळेला मला डिझेल आणायला पाठवायचे. सर म्हणाले, दर वर्षी? म्हटलं, हो. का पाठवायचे? म्हटलं, ते मला माहीत नाही, आणि हे मी दोनदा सांगितलं, ते मला माहीत नाही सर, ते चांगल्या मनानंही असेल. सरांनी मान हलवली. ही मान मला माहीत आहे, शाळेतही मास्तर अशीच हलवायचे, उत्तर त्यांना आधीच सापडलेलं असायचं.
म्हणाले, "दिनकरराव, तुम्ही घाबरू नका. तुम्हाला बाहेर काढलं जात होतं, इतकं स्पष्ट आहे."
मला स्पष्ट नाही. दोन वर्षं मला स्पष्ट होत नाही ते यांना दोन मिनिटांत झालं.

९ ऑक्टोबर, सोमवार
मि.ना कुलसचिवांकडे बोलावून समज दिली. भेदभाव करता म्हणून. बाबूभाईने सांगितलं. मि. दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. पाना हवा असला की भिंतीवरून स्वतः घेत होते, आणि परत ठेवताना मुद्दाम भलत्याच आकृतीवर टांगत होते. बाविसाचा अठराच्या जागी. ते गेल्यावर मी सगळे जागेवर लावले.
कोणी विचारलं तर सांगता येईल असं मी काहीच वाईट केलेलं नाही.

१० ऑक्टोबर, मंगळवार
तेच. पाने तसेच.
जेवायच्या सुट्टीत बाबूभाई भाकरी घेऊन शेजारी बसला. म्हणाला, "तुला इचारलं तवा सांगायचं, की डिझेल संपलं हुतं."
मी म्हटलं, डिझेल संपलेलं नव्हतं.
"तुज्यासारक्या खऱ्या मानसापायी दुनिया बंद पडंल बग एक दिवस." हसत होता, पण अर्धाच.

१२ ऑक्टोबर, गुरुवार
मेळाव्याचा कार्यक्रम ठरला. यंत्रं पटांगणात एका रांगेत उभी करायची. हार घालायचे (ही सजावट). हळदकुंकू, नारळ, उदबत्ती नाही (ही पूजा). बाहेरचे पाहुणे. मग प्रत्येक धर्माची पाच मिनिटं प्रार्थना. गीतेचा श्लोक ग्रंथपाल म्हणणार. बाबूभाईने दुआ म्हणायची. त्रिशरण आणि पंचशील मी.
मला कोणी विचारलं नाही. कागदावर नाव टाईप होऊन आलं. 'श्री. दिनकर साळवे (बौद्ध).' कंसात. आजपर्यंत वर्कशॉपात मी नुसता दिनकर होतो. जे होतं ते सगळ्यांना माहीत होतं, पण कंसात नव्हतं.
बाबूभाई कागद बघून म्हणाला, "मी नमाज पडतो मशिदीत आन् नारळ फोडतो ट्रॅक्टरफुडं. ह्यांनी नारळ काढला आन् नमाज आनला ट्रॅक्टरफुडं. समदं उलटंच की."
सरांकडे गेलो. म्हटलं, मला स्टेजवर जमणार नाही, घसा बसतो. ते म्हणाले, अहो, तुमच्यासाठीच तर हे सगळं चाललंय.
आता याला काय बोलायचं. मला एवढंच हवं होतं की खंडेनवमीला मला कोणी काही करायला लावू नये, आणि काही चुकवायलाही लावू नये. रोजच्यासारखं कामावर यावं, संध्याकाळी हातपाय धुवावे, दसऱ्याला गावी जावं. हे इतकं अवघड आहे?

१४ ऑक्टोबर, शनिवार
पाटी मीच रंगवली. अक्षर चांगलं म्हणून. स्नेहमेळावा, खाली सर्वांचे स्वागत. पुसून दोनदा लिहिलं, ओळ तिरकी जात होती.
रखमामावशी पाहायला आली. ती कचेरी झाडते, आपल्यातलीच, आमच्या वस्तीवर तिची लेक दिलेली. म्हणाली, तू म्हननार हाय ना रं? मी म्हटलं, बघू. म्हणाली, लुगडं काढून ठिवलंय पांढरं. साहेबलोकांच्या म्होरं आपलं कुनी म्हनलेलं म्या काय आजवर ऐकलं न्हाई.
तिला काय सांगू की मी सरांकडे नको म्हणायला जाऊन आलो.
मि. मागे उभे होते. पाटी वाचली. पाच दिवसांनी पहिलं वाक्य बोलले, "सर्वांत आमी हाय का?" आणि गेले. त्यांच्या घरी हत्यारांची पूजा बापापासून चालत आली, सुतारकीच्या किकऱ्या-पटाशीपासून. त्यांना कोणी कार्यक्रमात काही म्हणायला ठेवलेलं नाही. त्यांचं काम, यंत्रं पुसून रांगेत लावणे.

१६ ऑक्टोबर, सोमवार (खंडेनवमी)
नीट क्रमाने लिहितो.
सकाळी सगळी यंत्रं रांगेत. मि. म्हणाले, टँकरचा ट्रॅक्टर ठेवू नका, पाण्याच्या खेपा आहेत. सरांचा माणूस म्हणाला, तोच मोठा आहे, मधोमध शोभतो, तासाभराचा प्रश्न. हार घातले. पाहुणे येईनात. तासाचे किती तास झाले. नर्सरीच्या माळ्याने दोन निरोप पाठवले. कुंपणाकडे बाया हंडे घेऊन बसलेल्या, खेप नर्सरीहून परतताना उरलेलं त्यांना मिळतं. बाबूभाई काही चढेना. "हार घातल्यालं यंत्र उद्यापत्तूर हलवत नसत्यात. मी न्हाई हलवनार, मिस्त्री म्हनले तर बगू." सरांचा माणूस म्हणतो, अहो, पूजा झालेलीच नाही, नुसता हार आहे. बाबूभाई म्हणतो, हार तर हाय.
शेवटी पाहुणे आले. भाषण. श्लोक झाला. बाबूभाईची दुआ शेवटी ठेवलेली. पहिल्या रांगेत खुर्चीवर रखमामावशी, पांढरं लुगडं, पदर डोक्यावरून. खुर्चीवर मी तिला प्रथमच पाहिलं. मी स्टेजच्या पायरीपाशी, ओठ सुकलेले, बुद्धं सरणं एवढंच डोक्यात फिरत होतं, त्याच्या पुढचं गेलेलं.
माझं नाव पुकारलं.
तेवढ्यात मि. रांगेतून निघाले, सरळ टँकरच्या ट्रॅक्टरपाशी गेले, आणि बॉनेटवरचा हार दोन्ही हातांनी काढला. सगळ्यांसमोर. मि.नी. ज्यांनी एकदा सणाच्या दिवशी पूजेतली नुसती पक्कड उचलली म्हणून एका पेंटरला दिवसभर बोल लावले होते. हार खांद्यावर टाकला आणि म्हणाले, "बाबू, चढ. दिनकर, तूबी जा. पाइप धराया मानूस लागतो."
पाइप धरायला माणूस लागत नाही. बाबूभाई एकटाच करतो.
मी स्टेजकडे पाहिलं नाही. गेलो. मडगार्डवर बसलो आणि ट्रॅक्टर निघाला. दुआवाला आणि त्रिशरणवाला दोघेही टँकरवर. बाबूभाई इतका हसला की स्टिअरिंग हललं. मीही हसलो. विहिरीपाशी पोहोचेतो हसणं संपलं होतं.
परत आलो तेव्हा खुर्च्या उचलत होते. चिवड्याचे कागद. मावशी नव्हती.
मला वाचवलं. किंवा पुन्हा बाजूला काढलं. या वेळी मी त्यांच्या आधीच निघायला तयार होतो, हे मात्र मला पक्कं माहीत आहे.

१७ ऑक्टोबर, मंगळवार (दसरा)
गावी. वंदनेला सगळे जमले. मी म्हटलं, सगळ्यांबरोबर, एकदाही अडखळलो नाही. म्हणजे पाठ होतं.
रखमामावशी लेकीकडे आलेली. तिला टाळत होतो, पण वस्ती केवढी. ती रागावली नाही, रागावली असती तर बरं.
"तुजं नाव घेतलं तवा म्या हात जोडून बसले हुते, दिनकर. मंग समदे इकडंतिकडं बगाया लागले."
म्हटलं, पाणी आणायचं होतं.
"व्हय. पानी तर आनायचंच हुतं."
दादांनी ऐकलं. काल काय झालं विचारलं. सगळं सांगितलं, डिझेलपासून. मला वाटलं ते मि.ना शिव्या देतील. खडी फोडणाऱ्या हातानं गुडघा चोळत बसले. मग म्हणाले, "त्यानं त्याचा नेम मोडला. तू तुजा पाळला का मोडला?"
हात जोडायचे नाहीत, एवढंच धरून बसलो इतके दिवस. जिथे जोडायला हवे होते तिथे पाइप धरला.

१८ ऑक्टोबर, बुधवार
कामावर. सरांनी बोलावलं. नाराज आहेत. म्हणाले, तुम्ही असं ऐनवेळी जायला नको होतं, कुलगुरूंना वाटलं की वर्कशॉपने मुद्दाम केलं. आता पुढच्या वर्षी काय करायचं यावर कर्मचाऱ्यांचं मत मागवलंय. पूजा असावी, सगळ्यांचा मेळावा असावा, की विद्यापीठात सणच नको. तुमचं मत महत्त्वाचं, म्हणाले. पुन्हा तेच अहो, तीच खुर्ची.
मी म्हटलं, रखमामावशीला विचारा. सर म्हणाले, कोण? मी सांगितलं, तुमची खोली झाडते ती. त्यांनी नाव लिहून घेतलं. विचारतील असं वाटत नाही. विचारलंच तर ती मेळावा म्हणेल. बाबूभाई पूजा म्हणेल. मी नको म्हणणार होतो. आता नको म्हणताना पांढरं लुगडं दिसतं.
वर्कशॉपात मि. एकटे होते. नावं कधी पाठवणार, माझं आहे का, ते विचारायचं ठरवून गेलो होतो. तोंडातून दुसरंच आलं. म्हटलं, मिस्त्री, दर वर्षी मला डिझेलला का पाठवायचात?
ते लेथ पुसत होते, पुसतच राहिले.
"पयल्या वर्सी एका कारनानं धाडलं. फुडं त्ये कारन ऱ्हायलं न्हाई, सवय ऱ्हायली."
कोणतं कारण, हे विचारण्याची गरज नव्हती. तरी मी थांबलो.
म्हटलं, आणि परवा?
"परवा पानी हुतं." मग फडकं झटकून म्हणाले, "आन् तुजं त्वांड बगितलं हुतं म्या."
एवढं बोलून ते चहाला गेले. राग यायला हवा होता, आला. पण त्यातला किती त्यांच्यावर आणि किती माझ्यावर, ते वेगळं करता येईना. नावांचं राहिलंच.
आणखी एक. सकाळी आलो तेव्हा माझ्या हत्यारांच्या पेटीवर, झाकणाच्या मधोमध, आपट्याची डहाळी ठेवलेली. बाबूभाई म्हणाला, काल मि.नी सगळ्यांना सोनं दिलं, हातात. मी काल नव्हतो. दसऱ्याला मी कधीच नसतो, आणि आधीच्या दोन वर्षी पेटीवर काही नव्हतं. काल नव्हतो म्हणून पेटीवर ठेवलं. हातात द्यायला आज तर होतो. समोर उभा होतो, मि.चे दोन्ही हात मोकळे होते.
ही नुसती पानं आहेत, यात हात जोडायचं काही नाही. दादांना विचारलं तर काय म्हणतील ते माहीत नाही.
पेटी उघडायची तर डहाळी उचलावी लागते, आणि उचलली म्हणजे सोनं घेतलं. दिवसभर बाबूभाईची हत्यारं वापरली. तो दर वेळी देताना पेटीकडे बघत होता. संध्याकाळी कुलूप लावताना पाहिलं, पानं कडेने वळायला लागली आहेत.